जोडीनं येणारे शब्द

दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' असा एक प्रश्न असतो. साधं वाक्य देतात आणि सांगतात, 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' वापरून पुन्हा लिहा, 'नो सूनर... दॅन' वापरून लिहा, 'आयदर... ऑर' किंवा 'नीदर... नॉर' वापरा. गुण एखादाच असतो. अमरावती विभागीय मंडळाच्या हद्दीत, म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही, हा गुण 'हक्काचा' समजला जातो. गाइडात साचा छापलेला असतो, शिकवणीत तो फळ्यावर चौकट आखून लिहून देतात, मुलं तो घोकतात आणि बहुतेक वेळा गुण मिळवतातही. हा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. व्याकरणातली एक अत्यंत शहाणी गोष्ट त्या चौकटीत अडकून पडली आहे, आणि ती मोकळी करून मुलांच्या हाती देणं हे इंग्रजीच्या शिक्षकाचं काम आहे.

नियम तसा एका वाक्यात सांगता येतो. जोडीतल्या पहिल्या शब्दानंतर ज्या जातीचं पद येतं, त्याच जातीचं पद दुसऱ्या शब्दानंतर आलं पाहिजे. इकडे नाम असेल तर तिकडे नाम, इकडे क्रियापद असेल तर तिकडेही क्रियापद. एका जुवाखाली उंच बैल आणि खुजा बैल जुंपले की जू एका अंगाला कलतं आणि तास वाकडं जातं, तसं वाक्याचंही होतं. आमच्याकडची मुलं वर्गात हे वाक्य हमखास लिहितात: 'ही नॉट ओन्ली प्लेज कबड्डी बट ऑल्सो क्रिकेट.' अर्थ कळतो, पण तोल गेलेला आहे. 'नॉट ओन्ली'च्या मागे 'प्लेज' हे क्रियापद आलं आणि 'बट ऑल्सो'च्या मागे नुसता 'क्रिकेट' हा खेळ. 'नॉट ओन्ली' एक पाऊल पुढे सरकवा: 'ही प्लेज नॉट ओन्ली कबड्डी बट ऑल्सो क्रिकेट.' आता दोन्हीकडे खेळच आहेत. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही, फक्त जागा बदलली आणि वाक्य सरळ झालं.

असंच शेगावचं. 'शेगाव इज फेमस नॉट ओन्ली फॉर द टेंपल बट ऑल्सो द कचोरी' असं एक उत्तर वहीत आलं की मी त्याखाली एक छोटी रेघ मारते. पहिल्या अंगाला 'फॉर' आहे, दुसऱ्या अंगाला नाही. एक तर 'फॉर' दोन्हीकडे द्यावा, नाहीतर तो 'नॉट ओन्ली'च्या आधी एकदाच ठेवावा, म्हणजे तो दोघांना पुरतो. गजानन महाराजांचं मंदिर आणि शेगावची कचोरी ही दोन नावं मुलांना तोंडपाठ असतात. त्यामुळे लक्ष शब्दांच्या अर्थात अडकत नाही, मांडणीवर राहतं.

घोकंपट्टीनं मात्र ही मांडणी मनात उतरत नाही. मुलाला चौकट पाठ असते, पण 'नॉट ओन्ली' नेमका कुठे ठेवायचा हे चौकट सांगत नाही. ते सांगते त्याची स्वतःची मराठी. 'तो कबड्डीच नाही तर क्रिकेटही खेळतो.' या वाक्यात 'च' कबड्डीला चिकटला आहे आणि 'ही' क्रिकेटला. मराठीत ही दोन अक्षरं शब्दाच्या अंगालाच बसतात, त्यामुळे ती भरकटत नाहीत आणि बोलताना कुणाची चूक होत नाही. इंग्रजीत हे काम जागेनं करावं लागतं. म्हणून मी मुलांना सांगते, आधी वाक्य मराठीत म्हणा. 'च' कोणत्या शब्दावर पडला ते पाहा आणि 'नॉट ओन्ली' बरोबर त्या शब्दाच्या आधी ठेवा. 'ही' जिथे असेल तिथे 'बट ऑल्सो'. आता दुसरं वाक्य घ्या: 'तो कबड्डी खेळतोच, पण शिकवतोही.' इथे 'च' क्रियापदावर सरकला, म्हणून इंग्रजीतही 'नॉट ओन्ली' क्रियापदाच्या आधी जाईल: 'ही नॉट ओन्ली प्लेज कबड्डी बट ऑल्सो टीचेस इट.' हे एकदा दिसलं की मुलांना चौकट लागत नाही.

खरं तर जोडीनं बोलणं आपल्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. मराठीचा कणाच जोड्यांचा आहे. जो-तो, जसा-तसा, जितका-तितका, जिथे-तिथे, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून अक्षरओळख नसलेली माणसंही या जोड्या अचूक वापरत होती. 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं', 'जिथे पिकतं तिथे विकत नाही', या म्हणी शेतातून घरी येता-येता तोंडात बसतात. आमच्या वऱ्हाडी बोलीत शेतकरी सहज म्हणतो, 'जवा पाणी येईन तवा पेरू.' वाक्याची दोन अंगं, दोन्ही आपापल्या जागी, आणि मधला सांधा पक्का. ज्या मुलाच्या कानावर लहानपणापासून हे पडत आलं आहे, त्याला 'तुझं इंग्रजी कच्चं आहे' असं पहिल्याच दिवशी सांगणं मला अन्यायाचं वाटतं. जोडीची समज त्याच्याकडे आहे. इंग्रजी ती जोडी कशी बांधते, एवढंच त्याला दाखवायचं असतं.

दोन्ही भाषांची बांधणी मात्र एका ठिकाणी फार सुंदर रीतीनं उलटी पडते. मराठीत जोडीतला पहिला शब्द गाळला तरी चालतं. 'जर पाऊस आला तर पेरू' असं म्हणायची गरज नसते, 'पाऊस आला तर पेरू' एवढं पुरतं. 'जर' जातो, 'तर' राहतो. इंग्रजीत याच्या उलट. 'इफ इट रेन्स, वुई विल सो.' तिथे पहिला शब्द राहतो आणि दुसरा गळतो. 'जरी-तरी'चंही तेच. 'पाऊस पडला तरी विहीर भरली नाही' यात 'जरी' नाही, 'तरी' आहे. इंग्रजीत 'ऑलदो' राहतो आणि पुढे काही येत नाही. म्हणून आपली मुलं 'ऑलदो इट रेन्ड, बट द वेल डिड नॉट फिल' असं लिहितात. त्यांच्या कानाला 'तरी'शिवाय वाक्य अपुरं वाटतं, आणि त्या रिकाम्या जागी ती 'बट' आणून बसवतात. ही चूक आळसातून होत नाही. आपल्या भाषेशी इमान राखल्यामुळे होते. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर तो लाल शाईनं नुसता 'बट' खोडून पुढे जाणार नाही. तो सांगेल, बाळा, मराठीत सांधा दुसऱ्या अंगाला असतो, इंग्रजीत पहिल्या अंगाला. तेवढं सांगितलं की पुढच्या वाक्यात तो 'बट' आपसूक जातो.

'नीदर... नॉर'ची अडचण निराळी. मराठीत आपण नकार दोन्हीकडे देतो: 'आईही आली नाही, बाबाही आले नाहीत.' इंग्रजीत 'नीदर' आणि 'नॉर' यांनीच नकार देऊन टाकलेला असतो, क्रियापदाला पुन्हा 'नॉट' लावायचा नसतो. मराठीतल्या 'ना... ना'शी त्याची जवळीक आहे: 'ना आई आली, ना बाबा आले.' इथे क्रियापद होकारार्थीच आहे, आणि तरी पूर्ण वाक्य नकाराचं आहे. मुलांना हा दाखला दिला की डोळ्यांत एकदम उजेड पडतो. दुसरा नियम, क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं: 'नीदर द वेल नॉर द बोअरवेल्स हॅव एनी वॉटर.' हाही आपल्याला परका नाही. 'भाऊ किंवा बहीण आली असेल' असंच आपण म्हणतो. क्रियापद शेजारच्या बहिणीचं ऐकतं.

आणि 'नो सूनर'. याच्या मागे 'दॅन'च का, 'व्हेन' का नाही, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. 'सूनर' म्हणजे अधिक लवकर, ही तुलना आहे, आणि इंग्रजीत तुलनेच्या पुढे 'दॅन' येतो. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' यांत तुलना नाही, म्हणून त्यांच्याबरोबर 'व्हेन'. शिवाय 'नो सूनर' वाक्याच्या तोंडाशी आला की 'डिड' पुढे येतो आणि क्रियापदावरचा भूतकाळ उतरवून घेतो: 'नो सूनर डिड द बस स्टॉप दॅन द चिल्ड्रन रॅन टुवर्ड्स इट.' 'स्टॉप्ड' नाही, 'स्टॉप'. एसटीच्या वेळेवर शाळा सुटणाऱ्या गावांत हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. बस थांबते न थांबते तोच पोरं धावतात, हे 'थांबते न थांबते तोच' त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे.

मराठीचा हात धरून इंग्रजी शिकवण्याची ही रीत काही नवी नाही. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर मराठी माणसांच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य समोर ठेवायचं आणि त्याचा इंग्रजी जोडीदार शोधायचा, ही तिची पद्धत. पुढे रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण घरोघरी आलं. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजले. 2000 साली राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झाली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, हा आग्रहही वाढत गेला. कान तयार व्हायला तो उपयोगी आहे, हे मी रोज पाहते. पण वाक्याची बांधणी समजावताना मराठीला वर्गाबाहेर उभं करू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलाजवळ जे आधीच आहे, त्यावरच नवं उभं राहतं.

आता मी जे सांगणार आहे, ते एका वहीमुळे मला उमगलं. 'बोथ... अँड' शिकवून झालं होतं. आमचा जिल्हा 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असा बोलण्यात विभागलेला आहे. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. म्हणून मी फळ्यावर वाक्य दिलं होतं, 'फार्मर्स ग्रो कॉटन बोथ अबव्ह द घाट अँड बिलो इट.' मग मुलांना सांगितलं, प्रत्येकानं आपल्या घरावर एक वाक्य लिहा. घाटावरच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं, 'माय मदर वर्क्स बोथ इन द फील्ड अँड ॲट होम.' मी ते पुन्हा वाचलं. 'इन द फील्ड', 'ॲट होम', दोन्हीकडे शब्दयोगी पदं, एकही खोट नाही. तिच्या मागच्या ओळीत वडिलांवर एक वाक्य होतं, 'माय फादर वर्क्स इन द फील्ड.' त्यात 'बोथ' नव्हता. तिनं तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं. जे रोज दिसतं ते लिहिलं होतं, आणि जोडीच्या शब्दानं ते लपू दिलं नाही. आईचं शेतातलं काम आणि आईचं घरातलं काम, दोन्ही एकाच जातीची पदं म्हणून शेजारी उभी राहिली, तेव्हा घरातलं कामही काम आहे हे त्या वाक्यानंच मान्य केलं.

ती वही तपासताना मला ताराबाई शिंदे आठवल्या. आमच्याच बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मुलीला शाळेत घालण्याची सोय नसलेल्या त्या काळात त्यांनी तिला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला, लग्नाबाहेर झालेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर जे आसूड ओढले गेले, त्यात 'पुणेवैभव' पत्राचाही वाटा होता. याला उत्तर म्हणून ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती निघाल्या.

हा निबंध मी जेव्हा-जेव्हा वाचते, तेव्हा मला त्यात जोडीच्या वाक्याची शिस्त दिसते. स्त्रियांवर ठेवला जाणारा एकेक दोष ताराबाई उचलतात आणि त्याच मापानं पुरुषाकडे वळतात. अविचार, कपट, चंचलपणा, जे-जे बाईच्या नावावर मांडलं जातं, ते पुरुषात आहे की नाही? बायको मेली की नवरा लगेच दुसरं लग्न करतो, आणि नवरा मेला की बाईचं डोकं भादरून तिला अंधारात बसवतात. मरण सारखंच असताना नियम दोन का? सुरतेच्या त्या विधवेला शिक्षा झाली. त्या मुलाचा बाप कुठे आहे? ताराबाईंचा संताप जळजळीत आहे, पण त्या संतापाखाली पक्की मांडणी आहे. एका अंगाला स्त्रीची कृती ठेवली तर दुसऱ्या अंगाला पुरुषाची कृतीच ठेवायची. एका अंगाला तिचं पाप आणि दुसऱ्या अंगाला त्याचं नशीब, असली विजोड जोडणी त्यांनी चालू दिली नाही. त्या काळच्या पंडितांची वाक्यं नेमकी तशीच विजोड होती, आणि ताराबाईंनी ती खोडून नव्यानं लिहिली.

त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हेही पुस्तक लोकांच्या नजरेआड गेलं. जवळजवळ शतकानंतर, 1975 साली, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. 1994 मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि बुलढाण्याच्या एका बाईचं म्हणणं जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेलं. आज भारतातल्या स्त्रीवादी लेखनाचा विचार करताना हे पुस्तक अगदी सुरुवातीला ठेवतात. आमच्या जिल्ह्यात सिंदखेडराजा जिजाऊंचं माहेर म्हणून मुलांना ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असायलाच हवं. ताराबाईंचं नाव मात्र वर्गात विचारलं तर फार थोडे हात वर येतात.

व्याकरण आणि न्याय या दोन गोष्टी मी ओढूनताणून एकत्र आणते आहे, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवून बोलायचं तर त्या एकाच मापानं मोजल्या पाहिजेत, ही अट व्याकरण घालतं आणि विवेकही घालतो. सभेतली भाषणं ऐका, बातम्या वाचा, मोबाइलवर फिरणारे मजकूर पाहा. 'त्यांनी हे केलं, पण आमच्यांनी ते केलं' अशा कित्येक वाक्यांत एका अंगाला कृती असते आणि दुसऱ्या अंगाला नुसता आरोप किंवा नुसता अभिमान. कानाला ते वाक्य जोडीचं वाटतं, म्हणून पटूनही जातं. ज्या मुलाला शाळेत सवय लागली आहे की जोडीचा शब्द दिसला की दोन्ही अंगं तपासायची, तो अशा वाक्याशी थबकेल. तो विचारेल, इकडे क्रियापद आहे, तिकडे का नाही? इकडे पुरावा आहे, तिकडे कुठे आहे? एका गुणाच्या प्रश्नातून एवढं मिळत असेल तर तो प्रश्न लहान नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या, आणि जिल्ह्याबाहेरच्याही, इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सोबत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. फळ्यावरची ती चौकट पुसा. मुलांना आधी मराठीत बोलू द्या, 'च' आणि 'ही' शोधू द्या, 'तर' आणि 'तरी' कुठे बसतात ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. उदाहरणं त्यांच्या शेतातली, बसस्टँडवरची, घरातली घ्या. आणि 'बोथ... अँड' शिकवायचा तास आला की त्यांना ताराबाई शिंद्यांची ओळख करून द्या. दोन्ही बाजूंना एकच माप लावायचं कसं, हे आपल्या गावच्या त्या बाईनं 1882 सालीच लिहून ठेवलं आहे.